बशीत उरलेलं पाणी

टेबल पांढरं पडलं होतं.

एखाद्या कोपऱ्यात डाग पडला असता तर मिस्त्रीने चार शिव्या घालून तो घासून काढला असता. पण बारा माणसांनी बसून वाचायचं वाचनालयाचं हे टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुधावर पातळ साय धरावी तसं पांढुरकं झालं होतं. खालच्या लाकडाच्या रेघा त्याने स्वतः फळी फळी फिरवून जुळवल्या होत्या. त्या आता धुक्यातल्या रस्त्यासारख्या आत कुठेतरी असाव्यात असं वाटत होतं.

त्याने बोट फिरवलं. बोट कोरडं. म्हणजे वरून काही सांडलेलं नाही, पाणी आत पॉलिशमध्येच शिरलंय.

"हवा दमट असेल," तो मोठ्याने म्हणाला. कारखान्यात रविवारी सकाळी दुसरं कुणी नव्हतं. बाहेर आठवडाभर असं कोरडं ऊन पडलं होतं की दारांच्या चौकटी तडकत होत्या. हवेवर खापर फोडायचीही सोय नव्हती.

लाकूड कापायचं, जोडायचं ते मिस्त्रीने, आणि त्यावर चेहरा चढवायचा तो मधल्या भावाने, ही दोघा भावांची वाटणी वडील असल्यापासूनची. मधल्याच्या हाताला लोक नावाजायचे. त्याने पॉलिश केलेल्या कपाटात बघून बायका केस नीट करायच्या. ते हात पुढे थरथरायला लागले, सकाळी पहिला घोट पोटात गेल्याशिवाय स्थिर होईनासे झाले, आणि या घराची पंधरा वर्षं त्यात गेली. आता तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात काढून मधला घरी आला त्याला बावीस दिवस झाले होते. दोन आठवडे तो नुसता खुर्चीत बसून होता, सुट्टीत शाळेत विसरलेल्या दप्तरासारखा. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्रीनेच म्हटलं, टेबल तू कर.

अडचण एकच होती. पॉलिशचा लाखदाणा विरघळतो तो स्पिरिटमध्ये, आणि मधल्याने गेल्या वर्षी शेवटी शेवटी जे तोंडाला लावलं होतं ते हेच स्पिरिट. विष असतं ते. मरता मरता वाचला. म्हणून घरात ठराव झाला होता: स्पिरिटचा कॅन वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या कपाटात, कुलपात. किल्ली आईच्या गळ्यातल्या दोऱ्याला. सकाळी मिस्त्रीने कॅन खाली न्यायचा, संध्याकाळी वर आणायचा, आणि पातळीला पेन्सिलची रेघ मारायची. डाळ, साखर, स्पिरिट, असा तो फडताळातला शेजार.

काल मात्र मिस्त्री गावाच्या दुसऱ्या टोकाला दारं बसवायला गेला होता. चार तास मधला आणि कॅन, दोघंच.

मिस्त्रीने एक बशी पुसून घेतली, कॅनमधलं थोडं स्पिरिट तीत ओतलं आणि काडी लावली. निळी ज्योत उन्हात दिसत नव्हती, नुसती वरची हवा हलत होती. चांगलं स्पिरिट जळून गेलं की बशी कोरडी ठाक राहते. ज्योत विझली, आणि बशीत दोन चमचे पाणी उरलं.

तो स्टुलावर बसला. पिऊन वर पाणी भरायचं, ही युक्ती ज्या घरात पिणारा आहे त्या घरात मुलांनाही ठाऊक असते. त्याला राग यायला हवा होता. आला नाही.

त्याने बहिणीला फोन लावला.

"शेंडेफळ, ये. रक्त काढायचं सामान घेऊन ये."

ती म्हणाली, "किती प्यायलाय?"

प्यायलाय का, असं तिने विचारलंच नाही.

*

शेंडेफळ त्रेचाळीस वर्षांची होती आणि हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं लोकांच्या शिरा शोधत होती, तरी घरात तिचं नाव तेच राहिलं. ती आली तेव्हा सगळे वरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. मध्ये एक बशी.

"ही कशाला?"

"पुरावा आहे," मिस्त्री म्हणाला.

"आणि चहा कशात देताय?"

कुणी हसलं नाही. मधला खिडकीला पाठ करून बसला होता. एवढ्या उकाड्यात त्याच्या पायात मोजे होते. पायांची आग होते आणि पाय आपले वाटतही नाहीत, अशी दोन्ही दुखणी त्याला एकदम होती. दारूने नसांची टोकं खाल्ली की असं होतं, हे तिने घरात सगळ्यांना समजावलं होतं, आणि आईने त्यावर लोकरीचे मोजे विणले होते.

"मी प्यायलो नाही," मधला म्हणाला.

एवढंच. आणि घोटाळा तिथेच होता, कारण पंधरा वर्षं पिऊन आल्यावरही तो हेच तीन शब्द याच आवाजात म्हणत आला होता. खऱ्याला वेगळे शब्द कुठून आणणार?

"भाऊ, हात पुढे कर." तिने पिशवीतून स्पिरिटचा कापूस काढला आणि परत आत टाकला. "वहिनी, जरा साबण आणि पाणी द्या."

"का? तुमच्याकडे कापूस असतो ना?" मधल्याच्या बायकोने विचारलं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून सगळं घर तिला बाई म्हणायचं. नवराही.

"स्पिरिटने पुसून दारू तपासली तर सगळं गावच प्यायलेलं निघेल."

आता मधला हसला. नेहमीसारखं, एका गालाने. शेंडेफळने मान खाली घातली आणि त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला साबण चोळायला लागली. शिरा कसल्या, जुन्या लाकडातल्या भेगा. पहिल्या टोचणीत रक्त आलं नाही. दुसरीत दोन थेंब.

याच हाताला दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच घेतलेला चावा तिने बघितला होता. ते घरातल्या सगळ्यांचं पाप, पण तिचं जास्त. तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याची दारू एका फटक्यात बंद करायची ठरवली आणि त्याला फळ्यांच्या खोलीत कोंडला. जेवण, पाणी, गादी सगळं दिलं आणि बाहेरून कडी. मिस्त्री म्हणाला होता, दोन दिवस ओरडेल, तिसऱ्या दिवशी माणूस होईल. दुसऱ्या दिवशी दुपारी ओरडणं थांबलं. सगळ्यांना वाटलं, झोपला. दार उघडलं तेव्हा तो फिट येऊन फळ्यांवर आपटत होता. डॉक्टर नंतर तिलाच एकटीला म्हणाले, "इतक्या वर्षांची दारू अशी घरी तोडायची नसते, मेंदू बिथरतो, माणूस जातो. बाकीच्यांचं सोडा, तुम्ही तर हॉस्पिटलात काम करता ना?" तिने होय म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या टोचणीला नळीत काळपट रक्त चढलं.

"काल प्यायला असेल तर आज रक्तात सापडेलच असं नाही," ती हलक्या आवाजात मिस्त्रीला म्हणाली. "पण हे नुसती दारू नाही, पॉलिशचं स्पिरिट आहे. त्याचं विष सावकाश चढतं. डोळ्यांवर जातं. आत्ता कळलं तर आत्ता उपाय आहे, उद्या नाही." मग ती वळली. "भाऊ, नीट दिसतंय ना तुला?"

मधल्याने तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"दिसतंय की."

"ती समोरच्या भिंतीवरची तारीख वाच."

भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, मोठ्या लाल आकड्यांचं. मधल्याने डोळे बारीक केले. "वीस."

आज वीसच तारीख होती. पण आज सकाळी या गडबडीत पान फाडायचं राहिलं होतं. भिंतीवर हातभर उंचीचा एकोणीस होता.

शेंडेफळने नळीचं बूच घट्ट केलं. "दादा, गाडी काढ," ती म्हणाली. "हॉस्पिटलला. आत्ताच्या आत्ता."

*

बाईंना त्या क्षणी जे वाटलं ते त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यांना बरं वाटलं.

पावसाळाभर गळणाऱ्या छपराखाली भांडी ठेवून ठेवून दमलेल्या माणसाला एकदाचं छप्परच पडल्यावर वाटावं तसं. आता भांडी नाही ठेवायची. शाळेमागच्या गल्लीत त्यांनी एक खोली बघून ठेवली होती. एक खिडकी, एक ओटा, आणि शेजारी बहिरी म्हातारी. घरमालकिणीला 'कळवते' म्हणून सांगितलं होतं त्याला तीन महिने झाले. केंद्रात त्याला सोडताना त्या म्हणाल्या होत्या, "ही शेवटची वेळ. एक थेंब, आणि मी जाईन. भांडणार नाही, नुसती जाईन." तो म्हणाला होता, "जाशील तेव्हा छत्री विसरू नकोस." असा माणूस.

बावीस दिवस त्या रोज पहाटे त्याच्या तोंडाचा वास घेत होत्या. तो झोपलेला असताना, उशी सारखी करायच्या निमित्ताने वाकून. पूर्वी वास यायचा तेव्हा निदान कळायचं. आता वास येत नव्हता, आणि त्यांचा जीव अर्धा व्हायचा. नाही म्हणजे नाहीच, की अजून नाही? वर्गात तीस पोरं शांत बसली की त्यांना जसं भ्यायला होतं, तसं.

आणि आता काय ते कळलं. त्या उठल्या. दाराआड त्यांची पिशवी कायम भरलेली असायची. हॉस्पिटलात त्याच्याबरोबर जायचं, त्याला भरती करायचं, सही करायची, आणि तिथूनच शाळेमागच्या गल्लीत. मनात सगळं इतकं सरळ रांगेत उभं राहिलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण पाय मात्र हलके झाले होते.

"कुठे जायचं नाही," आई दारात उभी राहून म्हणाली. "पाणी मी घातलं."

म्हातारी माणसं असं मधूनच काहीतरी म्हणतात, आणि घर ऐकून न ऐकल्यासारखं करतं. मिस्त्री चपला शोधत राहिला.

"आई, तू बस. त्याला पाठीशी घालायची ही वेळ नाही."

"पाठीशी कोण घालतंय? काल सकाळी तू कॅन न्यायच्या आधी मी कपाट उघडलं. एक जग भरून स्पिरिट बेसिनमध्ये ओतलं आणि तेवढंच पाणी कॅनमध्ये भरलं. बरोबर तुझ्या रेघेपर्यंत. रेघेच्या वर केसभर जाऊ दिलं नाही." शेवटचं वाक्य तिने जरा अभिमानानेच म्हटलं.

मिस्त्रीने हातातली चप्पल खाली ठेवली.

"का?" मिस्त्रीने विचारलं. "अगं पण का?"

"सवय," आई म्हणाली.

बाई पिशवी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हलके झालेले पाय परत जड होताना त्यांना स्पष्ट जाणवले.

*

आईला खुर्ची दिली गेली. मिस्त्रीने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं.

"पॉलिशमध्ये पाणी, आई! अख्खं टेबल पांढरं झालं. उद्या सकाळी वाचनालयाचे लोक न्यायला येणार."

"मला काय ठाऊक पाण्याने काय होतं? मला कारखान्यात पाऊल ठेवू देता का तुम्ही? भुसा आहे, धाप लागेल, वर बस, किल्ली सांभाळ. सांभाळली किल्ली."

"मग पाणी कशाला घातलं?"

आईने मधल्याकडे बघितलं. बाकीच्यांना सांगण्यासारखं ते नव्हतंच. "हा प्यायचा ना, तेव्हा मी बाटल्या शोधायचे. घडीच्या कपड्यांत, पिठाच्या डब्यात, टाकीमागे. फेकून दिली तर नवी आणेल. म्हणून अर्धी ओतून द्यायची आणि अर्धी भरून ठेवायची. रोज. पंधरा वर्षं. तुम्ही सगळे दमलात, रागावलात, डॉक्टर केले, कोंडलंत. मी कुणाला बोलले नाही, आपलं काम करत राहिले. ते डॉक्टर म्हणाले ना, एवढी पिऊन याचं लिव्हर अजून तग धरून आहे कसं? असं." तिने हाताने पाणी ओतल्याची खूण केली. "आता हे स्पिरिट घरात आलं, किल्ली माझ्याकडे. हात आपोआप गेला. म्हटलं, हा काही पिणार नाही. पण प्यायलाच, तर निम्मं तरी पाणी असू दे."

"म्हणजे तुझाही विश्वास नव्हता माझ्यावर," मधला म्हणाला.

"विश्वास होता रे. पण पाणीही होतं."

शेंडेफळ फसकन हसली आणि तोंडावर हात दाबून खिडकीकडे गेली. तिचे खांदे हलत होते, पण हसण्याने की कशाने ते पाठीमागून कळत नव्हतं.

"मला माहीत होतं, आई," मधला म्हणाला.

"काय?"

"बाटल्यांतलं पाणी. पहिल्या वर्षापासून. जिभेला कळत नाही होय? घरातली ती तुझी, असं धरून चाललो होतो मी. माझी कारखान्यात वेगळी असायची."

"मग घरातली संपायची ती?"

"तीही मीच प्यायचो. वरून पाणी घालायचा त्रास वाचायचा."

तो हे गमतीने म्हणाला होता. घरात ताण आला की गंमत करायची हे त्याचं लहानपणापासूनचं काम. पण आईचा चेहरा बघितला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. या घरात प्रत्येकाने त्याला वाचवायचा एकेक उपाय केला होता आणि प्रत्येकाचा फसला होता. आईला तेवढं वाटत होतं की आपला फसला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईकडे दुसरं होतं काय? ती मांडीवरची साडी सारखी करत राहिली, जिथे सुरकुती नव्हती तिथे.

"थोडा फरक पडलाच असेल," तो घाईने म्हणाला. "सगळीच काही..."

"खोटं बोलू नकोस," आई म्हणाली. "आता तरी."

मधला म्हणाला, "बरं. मग एक मीही सांगतो. तारीख मला दिसली नाही."

शेंडेफळ गर्रकन वळली.

"घाबरू नकोस. आजचं नाही हे. गेल्या वर्षीचं आहे. तेव्हा डोळे आले परत, पण पूर्ण नाही आले. मधला भाग धुरकट दिसतो. उजेडात सगळंच थोडं पांढरं असतं. माणसं दिसतात, चेहरे जवळ आल्यावर. केंद्रातल्या डॉक्टरांना माहीत आहे. घरी मी सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही."

"आणि टेबल?" मिस्त्रीने विचारलं.

"हाताने केलं. हाताला कळतं, दादा. पॉलिशचा बोळा कुठे ओढतोय, कुठे सरकतोय, सगळं कळतं. पांढरं पडलेलं तेवढं हाताला कळत नाही. सांगितलं असतं तर तू टेबल दिलं असतंस?"

मिस्त्रीने समोरची बशी उगीच थोडी सरकवली, म्हणजे दिलं नसतं.

बाई अजून उभ्याच होत्या. बावीस दिवस त्या पहाटे या माणसाच्या तोंडावर वाकत होत्या आणि त्यांना हे दिसलं नव्हतं. त्याने चहाचा कप नेहमी बोटांनी कड चाचपून उचलला होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, हात थरथरतो म्हणून.

*

माफी मागायची कशी हे या घरात कुणाला येत नव्हतं. वडिलांनाही आलं नव्हतं. ते चुकले की काहीतरी करून आणून द्यायचे; मधल्याला त्यांनी एकदा विनाकारण मारलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पेटी केली होती, कप्प्याकप्प्याची. त्यामुळे मिस्त्रीने आता जे केलं ते त्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. तो आईजवळ गेला, तिच्या गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली सोडवली आणि मधल्यासमोर, त्या बशीच्या शेजारी ठेवली.

"घे. आजपासून तूच सांभाळ. नवा कॅन आहे आत, सीलही तोडलेलं नाही. कुणी रेघा मारणार नाही."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. शेंडेफळने मान हलवली. आईनेही. चला, काहीतरी देता आलं.

मधला किल्लीकडे बघत राहिला. ती त्याला पिवळ्या ठिपक्यासारखी दिसत होती, पण दिसायची गरज नव्हती. जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं होतं. जबड्याच्या मागे, कानाखाली, ओढल्यासारखं झालं. तळहात ओले. ही त्याची जुनी ओळखीची माणसं, बोलवावी लागत नाहीत, दाराची फट बघून आत येतात. आज तर त्यांना दार सताड उघडं मिळालं होतं.

"दादा, ही उचल इथून," तो म्हणाला.

"अरे, आम्ही चुकलो. राहू दे आता तुझ्याकडे."

"नको. मला आज प्यावीशी वाटतेय."

'मी प्यायलो नाही' ज्या आवाजात म्हटलं होतं त्याच आवाजात म्हणाला. फरक एवढाच की हे यापूर्वी या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"सकाळपासून वाटतेय. ही बशी आणून ठेवलीत तेव्हापासून. बसल्या बसल्या मनात आलं, शिक्षा तर झालीच आहे, मग गुन्हा तरी कशाला सोडा." त्याने ओले तळहात विजारीला पुसले. "केंद्रात सांगितलं होतं, वाटलं की तोंडाने बोलून टाकायचं. तिथे सोपं होतं. तिथे सगळेच असले. म्हणून सांगतोय. उद्या देशील तर बघू. आज किल्ली मला देऊ नका. आणि आज मला एकट्याला खाली सोडू नका."

मिस्त्रीचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. आईला किल्ली परत द्यावी हे कुणालाच बरोबर वाटेना, आणि शेंडेफळला ड्यूटीसाठी हॉस्पिटल गाठायचं होतं. शेवटी बाईंनी पिशवी खाली ठेवली, किल्ली उचलली आणि खडू ठेवायच्या सवयीने मुठीत धरली.

"टेबलाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "दुरुस्त होतं का ते?"

"होतं," मधला म्हणाला. "चांगलं स्पिरिट बोळ्यावर घेऊन हलक्या हाताने फिरवत गेलं की आतलं पाणी निघून जातं. पण दादाचा हात जड आहे. दादाने केलं तर टेबल नाही, रंधा मारलेली फळी मिळेल त्यांना."

"खरं आहे," मिस्त्री म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे मान्य केलं.

"मी करते," बाई म्हणाल्या.

"तू?"

"तीस वर्षं फळा पुसतेय."

शेंडेफळने रक्ताची नळी पिशवीत ठेवली आणि मग थबकली. "ही आता... टाकून देऊ?"

"टाकतेस कशाला, तीनदा टोचून काढलंयस," मधला म्हणाला. "तपास. आणि काढलंच आहे तर लिव्हरचंही बघ. आईच्या पाण्याचा काही उपयोग झाला का कळू दे."

आईने वर बघितलं. मग जागच्या जागी, फारसं न हसता, ती हसली.

*

कारखान्याची दोन्ही दारं आणि चारही खिडक्या उघडल्या. मधला उंबऱ्याबाहेर, वास पोचू नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, स्टुलावर बसला. त्याच्या शेजारी आईची खुर्ची आली. कित्येक वर्षांत ती पहिल्यांदा जिना उतरून खाली आली होती, आणि पहारा द्यायला आपल्यालाच बसवलंय असं तिने धरलं होतं. मिस्त्रीने आत कॅनचं सील तोडलं आणि तो स्वतःच्या पायांमध्ये ठेवून बसला, जणू कॅनच उठून पळणार होता.

"कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळ. घट्ट. सुरकुती नको तळाला," मधला बाहेरून सांगत होता. "आता चार थेंब. ओला नको, दमट हवा. ओठाला लावून बघ..." तो थांबला. "ओठाला नको. गालाला लाव."

बाईंनी बोळा गालाला लावला. गार.

"कसा आहे?"

"ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखा."

"बरोबर. टेकवताना सरळ टेकवू नको, विमान उतरतं तसा तिरका उतरव. आणि टेबलावर असताना थांबायचं नाही. थांबलीस की चिकटला. आठचा आकडा काढत जा."

"कुठला आठ? मराठी की इंग्रजी?"

"इंग्रजी. मराठी काढलास तर टेबलाबाहेर जाशील."

मिस्त्री खाकरला. बाई वाकल्या. पहिला आठ अडखळला, दुसरा वेडावाकडा गेला, आणि मग खांद्यातून हात सैल झाला. शाळेत पोरांचा हात धरून आकडे गिरवून घेताना होतो तसा.

"गेलं का पांढरं?" त्याने विचारलं.

"जातंय."

"कसं जातंय? कडेने, की मधून?"

त्याला खरंच हवं होतं ते. बाई हात न थांबवता सांगत गेल्या. कडेने आधी. फळ्यावर ओला फडका फिरला की क्षणभर जसा काळा होतो तसं, पण इथे परत पांढरं होत नाही. आता एक रेघ दिसतेय, लालसर. आता तिच्या शेजारची. दादांनी जुळवलेली फळी आहे ना, ती इथे वळतेय नदीसारखी. इथे एक गाठ आहे, डोळ्याएवढी. तो उन्हाकडे तोंड करून ऐकत होता आणि मध्ये मध्ये म्हणत होता, हं, तिथे जरा कमी दाब. हं, आता चार थेंब अजून, दादा, चारच. आई खुर्चीत डुलक्या घेत होती. दर थोड्या वेळाने जागी होऊन ती मधल्याचा सदरा चिमटीत धरायची आणि परत झोपायची.

बारा माणसांचं टेबल. दुपार उतरली तेव्हा बाईंचा खांदा आपला राहिला नव्हता. मिस्त्रीने कॅनला बूच लावलं, तो वर नेला, कपाटात ठेवला, कुलूप लावून किल्ली खाली आणून बाईंच्या हातात दिली. त्याने टेबलाभोवती एक चक्कर मारली, वाकून कडेने बघितलं, आणि एकही खोड न काढता हत्यारं आवरायला लागला, म्हणजे काम चांगलं झालं होतं.

बाईंनी नळाखाली हात धरले. साबण लावला, धुतले, पुसले, परत लावला. पिशवी वर दाराआडच होती. ती रिकामी करायची की नाही हे त्यांनी आज ठरवलं नव्हतं, आणि आज ठरवायला लागणार नव्हतं. आज फक्त थकवा होता, दोघांना एकसारखा.

त्या बाहेर आल्या, आणि त्याच्यापासून एक हात अंतरावर थांबल्या. आई झोपली होती. त्याने मान वळवली, पण जवळ आल्याशिवाय त्याला चेहरा दिसणार नव्हता.

"जवळ येऊ ना?" त्यांनी विचारलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. "स्पिरिटचा वास येतोय का बघा."

तो त्यांच्या हातांवर वाकला. हळूच, उशी सारखी करायला वाकावं तसा. थोडा वेळ तसाच राहिला.

"येतोय," तो म्हणाला.

बाई परत नळाकडे गेल्या.